रेड्याची लेक

आमच्याकडे माणसाला नाव नसतं, जनावर असतं. म्हणजे नावं आहेत, पगाराच्या दिवशी ती उपयोगी पडतात, पण एरवी गोदामात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. आमचा मुकादम म्हणजे घार. जिन्यात सगळ्यात वर उभा राहिला की त्याला खालचा प्रत्येक कोपरा दिसतो, म्हणून. त्याच्या हाताखालचा उंच, हाडकुळा गडी म्हणजे बोकड. कितीही अवघड पायरी असू दे, त्याचा पाय घसरत नाही. आणि मी, ट्रकचा ड्रायव्हर, म्हणजे कासव. हसायचं असेल तर हसून घ्या. हे जनावर पदरात पडलं तेव्हा मीही आठवडाभर कोणाशी धड बोललो नव्हतो.

काम आमचं लोकांची घरं हलवण्याचं. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, आजोबांच्या आरामखुर्च्या, सगळं या घरातून उचलायचं आणि त्या घरात नेऊन ठेवायचं. धंदा ज्यांनी सुरू केला त्या थोरल्या मालकांचं एक म्हणणं होतं. रिकाम्या हातानं उभा असताना माणूस वाट्टेल ते सोंग आणतो. पाठीवर कपाट आलं की सोंग गळून पडतं आणि आतलं जनावर बाहेर येतं. त्यावरून त्यांनी नियमच करून टाकला. जनावर मागायचं नाही, निवडायचं तर नाहीच नाही. तुम्ही ओझ्याखाली असताना, ज्याला स्वतःचं जनावर आहे अशा कोणीतरी ते तुमच्यात पाहायचं आणि तिथल्या तिथे मोठ्यानं पुकारायचं. ओझं खाली ठेवून, घाम पुसून झाल्यावर पुकारलेलं चालत नाही. आणि जोवर जनावर नाही तोवर जिन्यात जड सामानाला हात लावायचा नाही, पुठ्ठ्याची खोकी वाहायची.

एकदा जनावर मिळालं की ते कॅनव्हासच्या जाकिटावर, पाठीच्या बाजूला शिवून घ्यायचं. आणि जड वस्तू उचलण्याआधी तिच्यावर हात ठेवून क्षणभर गप्प उभं राहायचं. मनातल्या मनात आपल्या जनावराला हाक मारायची, ते आलं की उचलायचं. गिऱ्हाइकांना वाटतं, हे लोक दमलेत.

मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. त्यात मला व्हायचं होतं चित्ता. पुढे एकदा काचेच्या कपाटांनी भरलेला ट्रक घेऊन एका ओल्या उतारावरून खाली यायची वेळ आली. मागून भोंगे वाजत होते, लोक खिडक्यांतून डोकी काढून माझा उद्धार करत होते. ब्रेकवर पाय माझाच होता, पण तो दाबणारं माझ्या आतलं कोणीतरी वेगळं होतं. थंड डोक्याचं, फार जुनं, जगात कशाचीही घाई नसलेलं. शेजारी बसलेले थोरले मालक आनंदानं ओरडले, "कासव!" काच एकही फुटली नाही. तेव्हापासून मी या गोष्टीची थट्टा करत नाही, आणि दुसऱ्या कोणी केलेली मला खपत नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्याकडे एक रेडा होता. माझ्याच वयाचा, माझा जिवलग. जिन्यात खालची बाजू कायम त्याची. पट्टा खांद्यावर घ्यायचा, कपाळ लाकडाला टेकवायचं आणि खालून असा रेटा द्यायचा की वरच्यांना नुसता हात लावून चालावं लागे. माणूस अबोल, पण कपाटाशी बोलायचा. "चल बाबा, चल," म्हणायचा. एवढी वर्षं दुसऱ्यांचे संसार कपाळानं वर चढवले आणि एक दिवस त्याचे गुडघे संपले. डॉक्टरांनी सांगितलं, आता पायऱ्या बंद.

त्याची लेक तेव्हा आमच्यातच खोकी वाहायची. बुटकी, रुंद हाडाची, मनगटं बापासारखी जाड. एकदा धरलं की सोडायचं नाही हा तिचा स्वभाव, मग ती वस्तू असो की वाद. तिला दुसरं कुठलंही काम नको होतं. लहानपणी बाप कामावरून आला की ती त्याचं जाकीट अंगावर चढवून घरातल्या स्टुलाला रेटा देत बसायची, असं तिची आई सांगते. ही आई म्हणजे आमची जाकिटं शिवणारी वहिनी. सगळ्यांच्या पाठीवरची जनावरं तिच्याच हातची.

रेड्याला निरोप द्यायला आम्ही गोदामात जमलो. चहा झाला. जो तो रेड्याच्या जुन्या गोष्टी सांगत होता. आणि त्या भरात मुकादम उठला आणि म्हणाला, "रेडा कुठे जात नाही! त्याची लेक आहे की. आजपासून हीच आपला रेडा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बोकडानं तर डोळे पुसले. ओझं म्हणाल तर पोरीच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता.

मी म्हणालो, "अरे, हे असं चालतं का? पाहिलं कोणी? ओझं कुठाय?"

"ड्रायव्हरनं गाडी चालवावी," मुकादम म्हणाला, आणि विषय संपला.

मी माझ्या मित्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला होता की मी पुढचं गिळलं. आपण घरी बसलो तरी आपलं जनावर जिन्यात राहणार, या आनंदात तो होता. बापाचं घर, बापाचं नाक, बापाचा तापटपणा, सगळं लेकीला मिळतं. मग जनावर का नाही मिळणार, असं सगळ्यांना वाटलं. चूक अशी अगदी प्रेमानं झाली.

त्यानंतर त्या पोरीचे जे हाल झाले ते मला बघवत नव्हते. जाकिटावर रेडा शिवून खालची बाजू तिला दिली. ती बापासारखं कपाळ टेकवायची, बापासारखं "चल बाबा" म्हणायची, आणि कपाट जागचं हलायचं नाही. मग दात-ओठ खाऊन रेटायची आणि ते भलतीकडेच जायचं. एका घरात नव्या रंगाची भिंत वरपासून खालपर्यंत खरवडली गेली. दुसऱ्या घरात आरशाच्या कपाटाचा कोपरा उडाला. कपाळावर कायम टेंगूळ, खांदा काळानिळा. घरी आई मलम चोळत म्हणायची, "अगं, तुझ्या बापाला असं कधी लागत नव्हतं." ती बिचारी सहज बोलायची, पण लेकीला ते मलमापेक्षा जास्त झोंबायचं.

एकदा ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काका, तुम्ही हाक मारता तेव्हा येतं का हो कोणी?"

"येतं की. सावकाश येतं, पण येतं."

"मी रोज हाक मारते," ती म्हणाली, "पण माझ्याकडे कोणी येतच नाही. ती हाक बाबांकडेच जात असणार. मी नुसती उभी राहते, सगळ्यांना वाटावं म्हणून."

मी गिअर बदलला.

शेवटी मुकादमाचाही धीर सुटला. वाईट माणूस नव्हता तो, पण गिऱ्हाइकांची बोलणी त्यालाच खावी लागत. दाताच्या एका डॉक्टरांची खुर्ची तिसऱ्या मजल्यावर चढवायची होती. मुकादमानं लेकीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे एक काम नीट कर. नाही जमलं तर उद्यापासून पॅकिंगचं टेबल सांभाळ. जाकीटही मग आईकडे देऊन टाक." पॅकिंगचं टेबल म्हणजे दिवसभर कपबश्या कागदात गुंडाळायच्या. तिथे जनावर लागत नाही. आणि एकदा तिकडे गेलेलं माणूस परत जिन्यात आलेलं मी पाहिलेलं नाही.

बापाला हे कळलं तेव्हा तो काठी घेऊन गोदामात हजर. म्हणाला, "ट्रकमध्ये बसायला गुडघे लागत नाहीत." माझ्या आणि लेकीच्या मध्ये बसला. रस्ताभर तिला समजावत होता, कपाळ कुठे टेकवायचं, श्वास कधी सोडायचा. ती मान डोलावत होती. मांडीवरचा पट्टा मात्र ती सारखा गुंडाळत आणि सोडत होती.

ज्यांनी दाताच्या डॉक्टरांची खुर्ची फक्त झोपून पाहिली आहे त्यांना सांगतो, ते भयंकर प्रकरण असतं. सगळं वजन खालच्या लोखंडी बैठकीत, वरचा भाग लांबलचक आणि घसरडा, धरायला कुठे काही नाही. शिवाय ती मधल्या दांड्यावर गरगर फिरते. फिरू नये म्हणून एक खीळ असते, आणि ती घट्ट बसवल्याचं डॉक्टरांनी आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. इमारतीच्या लिफ्टमध्ये एक माणूस आणि त्याची छत्री मावेल एवढीच जागा. म्हणजे जिना. अरुंद, वळणावळणाचा, मध्ये मोकळी पोकळी आणि तिच्याभोवती लोखंडी कठडा.

मुकादम वर. खुर्चीच्या डोक्याकडे बोकड. बैठकीकडे, खालच्या अंगाला, लेक. मी आणि तिचा बाप तळमजल्यावर, पोकळीतून वर बघत. बाप खालच्या पायरीवर बसला होता. तिसऱ्या मजल्यावरून डॉक्टर, पेशंटला सांगावं तशा गोड आवाजात, "हळू, हळू, काही होणार नाही," असं सारखं म्हणत होते. लेकीनं लोखंडावर हात ठेवला, डोळे मिटले. मग पट्टा खांद्यावर घेतला, कपाळ टेकवलं.

पहिला मजला कसाबसा पार पडला. दुसराही. ती धापा टाकत होती, पण खुर्ची चढत होती. बाप खालून पुटपुटत होता, "चल बाबा, चल." आणि दुसऱ्या मजल्यापुढच्या वळणावर ती डॉक्टरांची खीळ निसटली.

खुर्ची दांड्यावर अर्धी फिरली. पाठीचा लांब भाग बोकडाच्या हातातून सुटला आणि कठड्यावरून बाहेर आला. वजन सगळं पोकळीच्या बाजूला गेलं. बोकडानं कशीबशी उशीची पट्टी पकडली. मुकादम वरून ओरडला, "धर! धर!" खुर्ची तिथून सुटली असती तर थेट आमच्या टाळक्यात. मी मित्राला ओढायला गेलो, तर तो जागचा हलेना. काठी टाकून वर तोंड करून तो ओरडत होता, "कपाळ लाव! खाली वाक, कपाळ लाव!"

लेकीनं कपाळ काढलं.

पट्टा खांद्यावरून सरळ झटकून टाकला. वळली, पाठ भिंतीला लावली आणि पाय फाकवले, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. गुडघे बाहेरच्या अंगाला वाकवले. एक हात वरून, एक हात खालून असा खुर्चीचा मधला दांडा तिनं पकडला, आणि खुर्ची थांबली. नुसती थांबली नाही, हळूहळू कठड्याच्या आत आली. मग ती सरकली. समोर नाही, बाजूला. वरचा पाय पुढच्या पायरीवर, मग खालचा पाय त्याच्यामागे, पाठ भिंतीला घासत. पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. तिचे हात दांड्याभोवती असे आवळले होते की ते सोडवायला करवत लागली असती.

मुकादम वरून खेकसला, "अगं, सरळ हो! असं तिरकं कोण चढतं?"

"मुकादम," तिनं मान वर न करता सांगितलं, "बाजूला व्हा."

आणि मुकादम, ज्याला आयुष्यात कोणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं, निमूट भिंतीला चिकटला. बोकड पट्टी धरून नुसता मागे मागे सरकत होता; त्याला काही करायला उरलंच नव्हतं.

माझ्या शेजारचा ओरडा बंद झाला होता. बाप वर बघत होता. हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "हा रेडा नाही."

"नाही," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही दिसलं होतं. आता जो काही शब्द होता तो ती ओझ्याखाली असेपर्यंतच पुकारायचा होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तो शब्द आपल्यात शिवी आहे. स्वतः वर चढत नाही आणि चढणाऱ्याचे पाय ओढतो, अशा माणसाला आपण ते नाव देतो. एखाद्या बापासमोर त्याच्या लेकीला ते कसं म्हणायचं? पण मी म्हणतो, ज्यांनी ही बदनामी केली त्यांनी त्या प्राण्याला फक्त टोपलीत पाहिलेलं असतं. कधी खडकावर बघा. एवढी मोठी लाट अंगावर येते, सगळं धुऊन नेते, पाणी ओसरतं, आणि तो तिथेच असतो. मग तिरका तिरका चालत, जिथे जायचं तिथे जातो.

बाप कठड्याला धरून उठला. त्याला ठाऊक होतं की हा शब्द उच्चारला की लेकीच्या पाठीवरून रेडा उतरणार. त्यानं छाती भरून श्वास घेतला. एवढा मोठा आवाज त्या अबोल माणसात होता हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"खेकडा!" तो गरजला. "अरे, ऐकताय का सगळे? खेकडा आहे माझी लेक! खेकडा!"

तो आवाज पोकळीतून वर गेला, छतावर आपटला आणि परत आला. मुकादमानं वरून खाली वाकून पाहिलं. घार आहे तो, त्याला दिसायला वेळ लागला नाही. "खेकडा!" तोही ओरडला. मग बोकड. मग मी, घसा फुटेपर्यंत. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं आणि एका बाईंनी रागानं विचारलं, "हे काय चाललंय? कोणाला शिव्या देताय?"

"शिव्या नाहीत हो बाई," मी खालून सांगितलं, "कौतुक चाललंय!"

आणि ती? ती हसली. एवढं लोखंड हातात, घाम डोळ्यांत जातोय, आणि ती मोकळ्या गळ्यानं हसली. ओझ्याखाली हसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढच्या पायऱ्या ती खेळावं तशी चढली. मला तर रडूच आलं, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

वर पोचल्यावर डॉक्टरांनी खुर्चीला हात लावून पाहिलं. एक ओरखडाही नव्हता. मी मागून धापा टाकत पोचलो आणि तिला हळूच विचारलं, "हाक मारलीस?"

"छे हो काका. वेळ कुठे होता? आपलं आपणच आलं."

घरी वहिनीनं त्याच संध्याकाळी जाकिटावरचा रेडा उसवायला घेतला. तक्रार मात्र केलीच. "रेडा किती सोपा होता शिवायला. याचे पाय बघा किती, आणि वर या नांग्या!" पण नांग्यांना तिनं लाल दोरा वापरला, आमच्यापैकी कोणाच्याच जनावराला न वापरलेला.

आज जिन्यातली अवघड कामं आली की गिऱ्हाईक विचारतं, तुमच्यात ती तिरकी चालणारी बाई आहे ना, तिला पाठवा. अरुंद जिना असेल तर आता बोकडही पाठ भिंतीला लावून चढतो, शिकलाय तिच्याकडून. नव्या लोकांना ती एकच गोष्ट सांगते: आईबापाच्या जनावराला हाक मारू नका, ते त्यांच्याकडे कामात असतं. आणि कोणी ओझ्याखाली असेल तेव्हा ती डोळ्यात तेल घालून बघत असते. परवाच एका लाजऱ्या, घाबरट दिसणाऱ्या माणसाला तिनं "अस्वल!" असं पुकारलं, आणि खरं सांगतो, तो माणूस आमच्यासमोर वीतभर उंच झाला.

पण त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं. खुर्ची ठेवून ती खाली आली. बाप पुन्हा पायरीवर बसला होता, काठी शोधत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. एवढी जिंकून आलेली पोर, पण आता तिचा आवाज कापत होता.

"बाबा, वाईट वाटलं?"

"कशाचं?"

"आता आपल्यात रेडा नाही राहिला."

बापानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्याला थापड मारली. मग तो ताठ झाला, छाती पुढे काढली, आणि त्या पायरीवर बसल्या बसल्या मला माझा जुना मित्र दिसला, जसा कपाटाखाली दिसायचा तसा.

"नाही राहिला म्हणजे? मी काय मेलोय?" तो म्हणाला. "रेडा हा इथे बसलाय. तुझ्या पाठीवर उगाच अडकून पडला होता, आज परत आलाय. तू तुझ्या खेकड्याचं बघ. जा, त्या खुर्चीचा दिवा अजून ट्रकमध्येच पडलाय."

ती त्याच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसले, बाह्या वर सारल्या आणि दिवा आणायला गेली.